आज्याची सळई

तीर्थस्वरूप बनुअक्कास शिवथरहून धाकट्या सयाजीचा दंडवत.

इकडे म्हैस सोडून सगळे बरे. तुझी कंबर कशी आहे ते कळव. तेजश्रीचा पाय कसा आहे ते त्याच्याआधी कळव. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. (भाऊबीजेला पोलादपूरला आलो होतो. दाराला आतून कडी आणि आत मिक्सर घरघरतोय. शेजारीण म्हणाली, घरात कोणी नाही. मग काय, मिक्सरलाच नमस्कार करून परत फिरलो.)

चुकलो, अक्का. हे आधी लिहून टाकतो, कारण नंतर मी भलतीकडे वाहवत जातो हे तुला ठाऊक आहे.

आषाढात तुझी लेक लावणीला आली आणि दुसऱ्याच दिवशी नडगी धरून बांधावर बसली. मी म्हटलं, कॉलेजची पोर, चिखल नको म्हणून नाटकं करते. रात्री जास्त ठणकतं म्हणायची, पण एक गोळी घेतली की उतरायचं. (हीच त्या दुखण्याची खूण, असं नंतर मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.) मी शहाण्याने काय केलं? सवय लागेल म्हणून गोळ्यांचं पाकीट भाताच्या कणगीत लपवलं आणि आपल्या आज्याची डागायची सळई चुलीत घातली. साऱ्या खोऱ्यात सयाजीच्या डागाचं नाव! (किती बैल बरे झाले. दोन मेले, पण ते म्हातारेच होते.) मामा म्हणतो म्हणून पोरीने पाय पुढे केला. बोट ठेवून म्हणाली, "मामा, हितंच दुखतंय." पण आज्याचा नियम असा, की दुखतं तिथे डागायचं नाही, चार बोटं वर डागायचं, कारण शीर वरून येते. पोरीचं बोट बरोबर होतं गो, अक्का. चुकलो आम्ही, आज्या आणि मी, आणि चटका बसला तिला. तुला तिने तवा पडला म्हणून सांगितलं, तेव्हा मी शेजारीच बसून भाकरी खात होतो.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. महाडच्या डॉक्टरने फोटो काढून मुंबईला धाडलं, तिथे हाडात हरभऱ्याएवढी गाठ निघाली. कॅन्सर नाही म्हणाले तेव्हा तुझ्याआधी मी रडलो. (डोळ्यात कचरा गेला म्हणालो ते खोटं.) "हा व्रण कसला?" बाईंनी विचारलं, तर तेजश्री पुन्हा म्हणाली, तवा पडला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग पोरीला भूल दिली, मशीनच्या बोगद्यात सरकवली, फोटोत बघत बघत सुई नेमकी गाठीत घातली आणि टोक सहा मिनिटं तापवून गाठ जाळली. दुसऱ्या दिवशी पोर आपल्या पायाने चालली.

आणि मी! बाई सगळं नीट समजावून सांगत होत्या. पण माझ्या जिभेला हाड आहे का? छाती पुढे काढून म्हणालो, "म्हंजे डागच की ओ! आमच्याकडं बी हाय ही इद्या. हिला मीच दिलेला!" पोरीने चादर तोंडावर ओढून घेतली. दोन महिने तिने झाकलेलं मी एका दमात उघडं केलं. बाई एवढंच म्हणाल्या, "काका, आम्ही आधी बघतो, मग जाळतो."

घरी आलो त्याच दिवशी सळई नदीत फेकली. डाग कायमचा बंद. तेजश्रीने मला माफ करावं असं म्हणायला तोंड नाही, पण मामा रोज आठवण काढतो एवढं तिच्या कानावर घाल. नव्या भाताचे पोहे तिकडे निघालेल्या भिकाजीबरोबर पाठवतोय, तिला आवडतात.

तुझा कपाळकरंटा भाऊ,
सयाजी

ता. क. सळई नदीत फेकली हे खोटं. दोनदा काठापर्यंत गेलो, आज्या आठवला, परत आलो. परवा वाडीतला सदू नातीला घेऊन आला, पोट दुखतं म्हणून. मी नाय म्हटलं. तो रडायला लागला आणि माझा हात आपोआप चुलीकडे गेला. तुझी भावजय आडवी आली म्हणून पोर वाचली, सदूला महाडला धाडला. तेव्हा पोह्यांच्या पिशवीत तळाला हात घाल. फडक्यात बांधलेली सळई आहे, ती तुझ्याकडे ठेव. खरं काम एवढंच होतं.

आणखी एक ता. क. माझा भरवसा नाही, मी मागायला येईन. आलो तर कितीही हाका मारल्या तरी दार उघडू नकोस. मिक्सर लाव.