चार वाजून दहा मिनिटं

प्रिय जुईली,

आठ महिने झाले, तू अमरावतीला आली नाहीस. फोन करतेस, पण बाबांचा विषय निघाला की तुला काहीतरी काम आठवतं. म्हणून लिहिते आहे.

त्यांचा कॉम्प्युटर खिडकीपाशीच आहे. निवृत्तीनंतरचं त्यांचं खूळ तुला ठाऊकच आहे: ते फुकट मिळणारं ऑफिसचं सॉफ्टवेअर वऱ्हाडीत आणायचं. 'कागद मिटवून राहिलो, जतन करू काय?' असं पडद्यावर आलं की एकटेच हसत बसायचे. काही बदललं की सगळं पुन्हा कंपाइल करायचे, म्हणजे एकेक तुकडा मशीनकडून नव्यानं तयार करून घ्यायचे. एकदा घाईनं एका वेळी आठ कामं लावली, तर मेमरी भरून माउससुद्धा हलेना. तू सांगितलंस, दोनच लावा, दिवस जाईल पण पुरं होईल. "पोरगी मले बैलगाडीत बसवून राहिली," म्हणाले. पण ऐकलं तुझंच.

मी त्यांची या कामाची वही वाचते आहे. कॉलेज मी पाहिलं नाही; अडलेले शब्द फोनवर शोधते. त्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक काम कधी कधी दीड जीबी मेमरी खातं. आपल्या आठ जीबीत आठ कामं मावणारच नव्हती. तुझं बरोबर होतं.

बाबा गेले त्या दिवशी दुपारी तू त्यांना फोनवर म्हणालीस, मधे बंद करू नका, तेवढं होऊ द्या. तेराव्याला माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस, की माझ्यामुळे बाबा छातीत दुखत असताना मशीनपुढे बसून राहिले, दोनऐवजी चार लावायला सांगितलं असतं तर वेळेत दवाखाना गाठता आला असता. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

जुईली, ते काम चार वाजून दहा मिनिटांनी संपलं होतं. त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "शैला, इकडे ये, पाय, झालं पुरं." मी पाहिलं. दोघांनी चहा घेतला. दुखायला लागलं साडेपाचला. मला बडनेऱ्याला तुझ्या मामाच्या नीलमच्या डोहाळजेवणाला जायचं होतं, तिची ओटी भरायची होती. मी म्हटलं, ॲसिडिटी असेल, ओवा चावा, जरा पडा. ते कुशीवर वळून पडले आणि मी निघाले. आठला परत आले तेव्हा ते त्याच कुशीवर होते. नीलमला मुलगी झाली. मी बघायला गेले नाही. तुझी समजूत काढायला आई काहीही सांगते आहे, असं तुला वाटेल. म्हणून मशीनमधली त्या दिवसाच्या नोंदींची फाइल शोधून छापून आणली, सोबत ठेवली आहे. शेवटच्या ओळीत काम संपल्याची वेळ आहे. मशीननं त्यांना अडवलं नव्हतं, तूही नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि आठ महिने मी ते तुझ्यावर राहू दिलं. यावंसं वाटलं तर ये.

तुझीच,
आई