तीनवर अडलेली गणती

प्रिय काका,

स्मारकाच्या प्रवासाला बोलावलं होतं, त्यावर तुमचं कार्ड मिळालं. 'गुडघे दुखतात, प्रवास जमणार नाही, सर्वांना नमस्कार.' मोजून सात शब्द. त्यातला 'नमस्कार' तेवढा खरा असावा असं मी धरून चालतो. कारण माझा टायरवाला तुमच्याच गावचा आहे, आणि तो सांगतो की तुम्ही रोज सकाळी सात वाजता त्याच्या दुकानावरून सायकलवर जाता. चढावर उतरतसुद्धा नाही म्हणे. काका, गुडघ्यांवर घालायचं होतं तर आधी सायकल तरी विकायची. मी गाड्यांच्या धंद्यात केस पांढरे केलेत, न येणाऱ्या पॅसेंजरची कारणं मला तोंडपाठ आहेत. रागावलोय मी. तुमच्यावर, बाबांवर, त्या माजी सैनिकांच्या संस्थेच्या सचिवांवर आणि थोडासा स्वतःवरही. तेव्हा हे पत्र जरा वाकडं गेलं तर सांभाळून घ्या.

आधी ओळख देतो, कारण त्रेचाळीस वर्षांनी माणूस विसरतो असं तुम्हाला म्हणायला जागा नको. मी तोफेवरच्या तुमच्या एक नंबरचा मुलगा. तुम्ही ज्याला लांबकान्या म्हणायचात तो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेला टेंपो होता, त्याच्या इंजिनाला तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलंत, मूठ माझ्या कानाला टेकवलीत आणि म्हणालात, "ऐक, कुठलं दुखतंय ते इंजिन स्वतः सांगतं." मी आठ वर्षांचा होतो. शाळेत मला कोणी काही शिकवू शकलं नाही, पण त्या मुठीवर मी गॅरेजात लागलो, गॅरेज माझं झालं, आणि आज पाच बसगाड्या आहेत. नवीन मेकॅनिक कॉम्प्युटर लावायला धावतो तेव्हा मी खिशातून तोच स्क्रू-ड्रायव्हर काढतो. मूठ तीनदा बदलली, पण आहे तुमचाच.

म्हणूनच सचिव माझ्याकडे विचारायला आले, की युद्धात लढलेल्या म्हाताऱ्यांना स्मारक दाखवायला न्यायचंय, गाडी द्याल का, तेव्हा मी एका पायावर तयार झालो. म्हटलं, बाबा ऐंशीचे झाले, त्यांचे सोबती एकेक करून कमी होताहेत, भिंतीवर कोरलेली नावं एकदा डोळ्यांनी बघू देत. मला वाटलं गाडी दिली की झालं. कसलं काय! सचिवांना आधी प्रत्येकाचं डॉक्टरी सर्टिफिकेट हवं. मग सगळ्यांना एकसारखे कोट हवेत. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना फलक हवा, आणि त्यावर म्हाताऱ्यांपेक्षा सचिवांचा फोटो मोठा. मी म्हटलं, "साहेब, युद्धात तुम्ही कुठल्या आघाडीवर होता?" तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात. चौदा म्हातारे, त्यांची चौदा औषधांची डबडी, नऊ काठ्या, आणि खिडकीपाशी कोण बसणार यावरून निघायच्या आधीच दोन भांडणं. त्यात तुमच्या तोफेवरचे चौघं: बाबा, घड्याळजीकाका, मास्तर आणि जाड्याकाका. जाड्याकाका आता इतके वाळलेत की सीटचा पट्टा त्यांच्याभोवती दोनदा फिरतो, पण हाक अजून तीच.

पहिल्या थांब्यापासून त्रास सुरू झाला. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर डोकी मोजतो, हा आमचा नियम. त्यानं चौदा मोजली आणि गिअर टाकला, तोच मागून बाबांचा आवाज आला, "एक." घड्याळजीकाका, "दोन." मग थोडं थांबून मास्तर, "चार." जाड्याकाका, "पाच." ड्रायव्हरनं ब्रेक मारला. तो म्हणाला, मालक, मागे पाचजण आहेत, मला चारच दिसतायत, एक खाली राहिला. आम्ही पेट्रोल पंपाचे संडास धुंडाळले. मी स्वतः तीन दारं ठोठावली, आतल्या एका भल्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या. वीस मिनिटं गेली. परत येऊन बघतो तर चौघंही बिस्किटं खात बसलेत. विचारलं तर मास्तर म्हणाले, "आमची गणती आम्हाला करू दे, तू तुझी गाडी चालव." पुढच्या थांब्यावर तेच. जेवणाच्या थांब्यावर तेच. एक, दोन, मग ते थांबणं, मग चार, पाच.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. इंजिनात एक ठोका चुकला तर मला झोप लागत नाही, इथे तर प्रत्येक थांब्यावर चुकत होता. आणि ती चुकून पडलेली फट नव्हती. घड्याळजीकाकांचा डावा कान तोफेनं नेलाय, त्यांना धड ऐकू येत नाही, तरी ते थांबणं प्रत्येक वेळी अगदी तेवढंच. एक माणूस एक शब्द म्हणेल, तेवढं.

मी शहाणा. मला वाटलं, मला कळलं. आमच्या घरी बाबांच्या पलंगामागच्या भिंतीवर तो फोटो आहे ना, तोफेपुढे सहाजण उभे, आणि खाली शाईनं आकडे. तीन नंबर म्हणजे गवईकाका, त्याच तोफेपाशी गेलेले. शेजारी चार नंबर तुम्ही. तेव्हा ही फट गवईकाकांची, असं मी मनाशी ठरवलं आणि मला एकदम भरून आलं. सचिवांचा एवढा राग येत असतानासुद्धा आलं.

स्मारकाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सचिवांनी पुष्पचक्र काढलं, फोटोवाल्याला उभं केलं, दहाजण रांगेत आत गेले. तुमचे चौघं फाटकाबाहेर उभे राहिले. बाबांनी गणती घेतली. एक, दोन, फट, चार, पाच. मग बाबा म्हणाले, "गणती पुरी नाही," आणि चौघंही जागचे हलेनात. सचिव धावत आले, उजेड जातोय म्हणाले. बाबा म्हणाले, "तुम्ही घ्या तुमचा फोटो. गणती पुरी झाल्याशिवाय एक नंबर पुढे जात नाही." सहा तासांचा प्रवास, काका! नवे टायर टाकले होते मी. भिंत समोर दिसत होती, पन्नास पावलांवर. मी बाबांना हळूच म्हटलं, "बाबा, तुमचे तीन नंबर आतच आहेत. भिंतीवर. तेच तुमची वाट बघत असतील, चला."

चौघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या तोफेवर धुणं वाळत घातलंय. मास्तर म्हणाले, "मेलेल्याची जागा आम्ही रिकामी ठेवत नाही. तोफ थांबते का? मागचा पुढे सरकतो. त्याच दिवशी सरकतो." मग जाड्याकाका म्हणाले, "फोटोत मास्तर कितवा आहे रे?" आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटोत मास्तर पाच आहेत, जाड्याकाका सहा. गवईकाका गेल्यावर मास्तर चार झाले, जाड्याकाका पाच झाले. म्हणजे तीन तुम्ही झालात. ती फट मेलेल्या माणसाची नव्हतीच. ती माझ्या टायरवाल्याच्या दुकानावरून रोज सकाळी सायकल मारत जाणाऱ्या माणसाची होती.

आम्ही परत आलो. आत न जाता. सचिवांनी संस्थेच्या पत्रकात 'काही ज्येष्ठांची प्रकृती अस्वस्थ झाल्याने' असं छापलं. अस्वस्थ मी झालो होतो. परतीच्या वाटेवर बाबांच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, आता सांगितल्याशिवाय उठत नाही. तुम्हाला हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण मला काय सांगितलं गेलं ते तुम्ही ऐकायला हवं.

त्या सकाळी पाणी आणायची पाळी गवईकाकांची होती. त्यांची टाच फुटली होती, बूट घालवत नव्हता. तुम्ही डबा उचललात, "मी जातो" म्हणालात, आणि नाल्यापाशी पोचायच्या आत मागे तोफेपाशी गोळा फुटला. संध्याकाळी बाबांनी गणती घेतली. एक, दोन, आणि तुम्ही गप्प. बाबांनी तीनदा घेतली, तिन्ही वेळा तुम्ही तोंड उघडलं नाहीत. गवईकाकांचा नंबर तुम्ही घेतलाच नाहीत. मग तुम्ही वर्कशॉपात बदली मागून घेतलीत. त्या दिवसापासून आजपर्यंत ह्या चौघांनी तुमच्यासाठी तेवढी जागा सोडली आहे. लग्नाला जमले तरी, कोणाला पोचवायला जमले तरी. मला वाटायचं म्हाताऱ्यांची गंमत आहे.

आणि आता माझी गोष्ट. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा तुम्ही शेवटचे आमच्याकडे आलात. मी तो फोटो खाली काढला होता, आणि विचारलं होतं, "काका, तीन नंबर कुठे राहतात?" तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात आणि पुन्हा आला नाहीत. आईनं तो कप दोन दिवस धुतला नव्हता, येतील म्हणून. काका, पाच गाड्यांचा मालक झालो, पण त्रेचाळीस वर्षं मला वाटत होतं की तुम्ही माझ्या प्रश्नामुळे गेलात.

आता खरं कारण. हे पत्र रागावायला लिहिलेलं नाही, तो राग आपोआप आला. त्या रात्री गाडीत बाबांनी पुढचं सांगितलं, ते त्यांनी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. गवईकाकांची टाच त्यांनी पहाटेच पाहिली होती. तुम्ही डबा उचलायच्या आधीच त्यांनी घड्याळजीकाकांना सांगून ठेवलं होतं, आज पाण्याला चार नंबरला पाठव. घड्याळजीकाका तुम्हाला हाक मारायला वळले तर तुम्ही उठलाच होतात. ते म्हणाले, "माझं तोंड उघडंच राहिलं." म्हणजे तुम्ही नसता उठला तरी नाल्यावर तुम्हीच गेला असता, काका. पाळी तुम्ही घेतली नाहीत, बाबांनी बदलली. मी चिडून विचारलं, मग पन्नासाहून जास्त वर्षं तोंडाला कुलूप का होतं? बाबा म्हणाले, तो हजर झाला असता तर सांगितलं असतं. घड्याळजीकाका पुढच्या सीटवरून, एवढं मात्र नेमकं ऐकून, म्हणाले, "भीत होतास, म्हण ना." मग बाबा म्हणाले, "हो." तेव्हा तुम्ही आणि बाबा, दोघंही एकाच दगडाखाली एवढी वर्षं हात अडकवून बसला आहात, आणि दोघांना वाटतंय दगड आपल्या एकट्याचा आहे. ही गोष्ट पत्रात लिहायची नाही असं मला बाबांनी बजावलं होतं. म्हणून लिहिली. येत्या सोमवारी सकाळी सात वाजता गाडी तुमच्या दारात उभी असेल. ना फलक, ना सचिव, ना फोटोवाला. ते चौघं आत असतील आणि गाडी मी स्वतः चालवेन. गुडघे खरंच दुखत असतील तर चढवून घेईन, सायकल सोडवत नसेल तर टपावर बांधेन. फाटकाशी बाबा 'एक' म्हणतील, घड्याळजीकाका 'दोन' म्हणतील. मग सगळे तुमच्याकडे बघतील. सवयीनं 'चार' म्हणाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तीन, काका. तीन म्हणायचं.

तुमचाच,
लांबकान्या