निंबाखालचा फोटो

४ सप्टें.
आजपासून मी कॉलेजची 'मनमित्र'. पिवळा बिल्ला, अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, वर समोसा. पोरापोरींच्या मनातलं ऐकायचं, उपदेश करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. एनएसएसच्या सरांनी हे पाढ्यासारखं म्हणून घेतलं. कँटीनमध्ये पोरं ओरडली, "आली पागलांची डॉक्टरीण!"

११ सप्टें.
कोणी फिरकत नाही. बिल्लेवालीजवळ बसलं की आपणही पागल ठरू, ही भीती. मीही बसले नसते.
शेवटी वैशू आली. माझ्याच बेंचवरची. आई गेल्यापासून अर्धी झालीय. मैदानाच्या टोकाला निंबाखाली बसलो. "रातभर डोया लागत नाही वं प्राची. सकाळी वाटते, उठावच कायले?" खूप रडली. मी नुसती ऐकत होते.

१३ सप्टें.
वैशू तयार झाली! पुढच्या शुक्रवारी दोघी यवतमाळला, डॉक्टरकडे. घरी सांगायचं नाही, काका झाडफुकीला नेतील. "तू संगं असशीन तं येतो," म्हणाली. घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

१६ सप्टें.
गेटवर फ्लेक्स. निंबाखाली वैशू रडतेय, माझा हात तिच्या खांद्यावर. तिचा चेहरा स्वच्छ दिसतोय. वर ओळ: 'तुमचं बोलणं आमच्यापाशी सुरक्षित.' कॉलेज तपासायला कमिटी येणार म्हणून सरांनी लायब्ररीच्या खिडकीतून हळूच फोटो काढला होता.
"तिला विचारलं का सर?"
"अगं, किती नॅचरल आलाय! विचारलं की असा येत नाही."
कमिटी गेल्यावर काढू म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याकडे फोटो नाही तर काम झालंच नाही. बारसं असो की रक्तदान.

१७ सप्टें.
आज बाजार. सगळी खेडी गेटसमोरून गेली. वैशूचे काकाही. संध्याकाळी तिला फोन केला, त्यांनीच उचलला. "आमची पोरगी पागल हाय म्हून बोर्ड लावला काय वं? बंद तिचं कॉलेज!" मागून वैशूचा आवाज आला. मग कट.

१८ सप्टें.
कमिटी आली. फ्लेक्ससमोर उभं राहून त्यांनीही फोटो काढला. मला गुच्छ दिला. हसा म्हणाले. कशाला हसू? बिल्ला सरांच्या टेबलावर ठेवला तर म्हणतात, "असू दे गं, वर्षभराचा आहे."

१९ सप्टें.
तिच्या गावी गेले. काकू दारातच उभ्या. "झोपली हाय ते."
भरदुपारी! जिला डोळ्याला डोळा लागत नाही ती झोपली! आत वैशूला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं, "उद्या पयल्या जीपजवळ थांबतो मी!" काकूंनी दार लोटलं. आत खाट करकरली. एवढंच.

२० सप्टें., शुक्रवार
यवतमाळच्या जीपमध्येच लिहितेय. खिडकीजवळची जागा ओढणी टाकून धरलीय. भरल्याशिवाय जीप कधी हलत नाही, आज मेली लगेच भरली.
"ताई, ओढणी उचलता का? माणूस उभा हाय," ड्रायव्हर.
"येऊन राह्यली ते."
"कोन?"
समोर कॉलेजचं गेट, फ्लेक्स अजून तसाच. काय सांगू? बोट दाखवलं. "ते. फोटोतली."
त्यानं फ्लेक्सकडे पाहिलं, बराच वेळ. "रडून राह्यली ते?"
"हो."
चावी काढून तो खाली उतरला. मागचे लोक ओरडताहेत, काहून थांबला म्हणून. तो बिडी ओढत तिच्या गावाच्या रस्त्याकडे पाहतोय.
मीही. अजून कोणी दिसत नाही.