शेजारच्या ड्रमाचं कुलूप

रविवार, चैत्र संपत आला. होस्टेल, नांदेड.

आज उदगीरला आक्काच्या नव्या घरी जाऊन आलो. फार उशिरा गेलो.

दिवाळीत प्लॉट बघायला तिनं मलाच पाठवलं होतं. "तू विद्यापीठात एमबीएला रिअल इस्टेटच शिकून राहिलास, तूच बघ." मी रस्ता मोजला, फोटो काढले आणि चहाच्या टपरीवर बसलो. तिथं सगळे म्हणत होते, उदगीर जिल्हा होणार, कलेक्टर ऑफिस याच बाजूला येणार. तेच ऐकत दुपार गेली. आक्काला फोनवर सांगितलं, घेऊन टाक.

प्लॉटशेजारच्या घराच्या दारात कुलूप लावलेला निळा ड्रम होता. त्याचाही फोटो काढला आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये लावून खाली लिहिलं, 'रस्त्यावरील अडथळा'. बारीक नजर आहे म्हणून सरांनी कौतुक केलं. पण पावसाळा नुकता सरलेला असताना, ऐन दिवाळीत पाण्याच्या ड्रमाला कुलूप कशाला, हे त्या घरात मी विचारलं का नाही?

आक्काची बोअर कोरडी गेली. जिल्ह्याचं अजून नुसतं बोलणंच. आता तिच्याही दारात ड्रम आहे, निळाच, कुलपाचा.

"आक्का, चुकलं माझं."

"बस गुमान. उन्हातून आलास."

कमरेची किल्ली काढून तिनं ड्रम उघडला, तांब्याभर पाणी दिलं. तहान नव्हती, पण नको म्हणवेना. सगळं पिऊन टाकलं.

आक्कानं तांब्यात वाकून बघितलं. "थोडं उरलं असतं तर भांड्याला झालं असतं रे," म्हणाली.