मला न आठवणारा सीन

नळदुर्ग, रविवार, संध्याकाळ

कान अजून भणभणतोय. तरी लिहून टाकते.

लहानपणी घरी टीव्हीवर कितीदा तरी बघितलेला माझा सगळ्यांत आवडता सिनेमा आज परीला दाखवला. परी म्हणजे दादाची मुलगी, नऊ वर्षांची. सिनेमातली नायिका गावाशी भांडून शिकते. तिच्यामुळंच मी घरातली पहिली पदवीधर झाले, असं परीला ऐटीत सांगितलं होतं. मध्यावर नवरा पट्टा मुठीला गुंडाळतो आणि नायिकेला फोडून काढतो. हे मला आठवतच नव्हतं. कसं काय?

परी म्हणाली, "आत्या, पप्पा पण पट्टा असाच गुंडाळतात."

वहिनीनं मान खाली घातली. दादानं उठून परीवर हात उगारला. मी मधे पडले, चापट माझ्या कानावर बसली. "बी.ए. झालीस म्हणून लई शहाणी झालीस व्हय?" मीही त्याला ढकललं. तो कपाटावर आपटला.

आईला विचारलं, हा सीन मला आठवत कसा नाही?

"त्यो सीन आला की तुला चहा ठेवायला उठवायची मी. पोरीनं कशाला बघावं असलं?"

"आणि दादा?"

"त्यो पोरगा न्हाय का!"

म्हणजे तो दरवेळी बघत होता. मुठीला गुंडाळलेला तो पट्टा.

वहिनी आणि परी आता माझ्या खोलीत आहेत. दादा दारावर लाथा घालतोय. आई बाहेरून म्हणते, "उघड गं, लोक ऐकत्यात." वहिनी उठली. मला वाटलं, उघडणार. तिनं वरची कडीही लावली.