आकाराम मामांच्या गाडीचे दिवे नक्की कुणी बसवले

तीर्थस्वरूप आकाराम मामांच्या पायाशी, सेलमहून भाचा जोतीराम याचा वाकून नमस्कार. मी इथं बरा आहे. चांदीच्या कारखान्यात पैंजणांच्या कड्या डाग देऊन जोडायचं काम चालू आहे. सांधा जोडलेला दिसला नाही पाहिजे, एवढंच मालक बघतो. (इथं तिखट म्हणून जे वाढतात ते आपल्याकडं बाळंतिणीलाही चालेल.) तुमची कंबर कशी आहे, मामीचा राग कसा आहे आणि थोरली म्हैस अजून लाथ मारते का, तेही कळवावं. आईकडनं समजलं की मामीनं तुमच्या लेकीसाठी, आपल्या पूर्णिमासाठी, कोडोलीचं एक स्थळ बघायला घेतलंय. त्याचा ह्या पत्राशी काही संबंध नाही, सहज लिहिलं.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जोत्या, शबुद दिलाय म्या, माग काय मागायचं ते!" आणि मी गप्प बसलो. तुम्हाला वाटलं रेंज गेली. रेंज होती मामा, माझीच वाचा गेली होती, म्हणून लिहितो. तुमचा शब्द मला पाठ आहे. उचगावच्या फाट्याला तुम्ही दुधाची फटफटी घेऊन वळलात, मागच्या मोटारीनं कॅनला धडक दिली, सगळं दूध रस्त्यावर, आणि वर तो मोटारवालाच म्हणतोय, "पावणं, वळताना दावायचं तरी!" तुम्ही दावलं होतं. पण ते जुने बल्ब पणतीएवढे, आणि त्यांच्यावर दोन्ही अंगांनी दुधाचे कॅन. दिसणार काय? मामी म्हणाली, दिवे दिसले पाहिजेत, न्हाय तर गाडी विका. तेव्हा तुम्ही सोप्यात उभं राहून गरजलात, "जो कोण माझं दिवं दुनियेला दावंल, तो मागंल ते देतो. म्हशी सोडून!" (असा बाप माणूस अख्ख्या गडमुडशिंगीत दुसरा नाही, हे मी सेलममध्येही सांगत असतो. त्यांना मराठी येत नाही, पण मान हलवतात.)

मी सुट्टीला आलो होतो आणि तुम्ही म्हैस बघायला बाहेर गेला होता. मी कोल्हापुरातनं ते नवे एलईडीचे इंडिकेटर आणले. विचार केला, केसाएवढी चांदीची कडी जुळवणारा माणूस मी, वायर काय चीज आहे? गॅसची बत्ती पेटवली आणि वायरीला डाग द्यायला बसलो. मामा, चांदी तापली की लाल होऊन सांगते, आता थांब म्हणून. वायरीचं प्लास्टिक काही सांगत नाही, एकदम पेटतंच. मामी पाण्याची घागर घेऊन पळत आली आणि तिनं आधी मला विझवलं, मग गाडीला.

तेवढ्यात पूर्णिमा आली. तिनं आयटीआयला वायरमनचं शिक्षण घेतलंय हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण तिचा हात चालताना तुम्ही बघितलेला नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जोत्या, गाडीच्या पायात घालायचंय व्हय हे?" जळकी टोकं कापली, नवी जोडली, वर टेप गुंडाळली. दिवा लागेना. मी म्हटलं, दुकानदारानं फसवलं. तिनं दोन वायरी उलट करून लावल्या, लागला! (ह्या दिव्यांना उलटंसुलटं असतं, बल्बला नसतं. मला दोन्ही माहीत नव्हतं.) पण लुकलुकायला लागला तो शिलाई मशीनच्या सुईसारखा, टकटकटकटक. मी म्हटलं, नवा आहे, दमात आहे. ती हसून खाली बसली. तिचं म्हणणं, आतला जुना फ्लॅशर, म्हणजे दिवा लुकलुकवणारी ती डबी, तिला सवय जास्त करंट पिणाऱ्या बल्बची. हे दिवे जरासाच घोट घेतात, म्हणून डबीला वाटतं बल्ब मेला, आणि ती बोंब मारते. मला पिटाळून एलईडीला चालणारी डबी आणायला लावली. ती बसवली, तर डावं बटण दाबलं की चारी दिवे लागायला लागले! मी जोतिबाला नारळ बोललो. ती म्हणाली, "देवाला कशाला तरास देतोस?" मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच बारका बल्ब, त्यातनं करंट पलीकडं जातोय. तिनं तांदळाएवढे दोन डायोड घातले. ते करंटला एकाच बाजूनं जाऊ देतात, माघारी फिरू देत नाहीत. भर उन्हात तिनं मला पार चावडीपर्यंत लांब उभं केलं आणि ओरडून विचारलं, "दिसतंय का रं?" मामा, दिसत होतं. झेंडूच्या फुलासारखं, थांबत थांबत, ऐटीत.

मी काय केलं? कॅनच्या बाहेर दिवे यावेत म्हणून दोन पट्ट्या वाकवून दिल्या. तुम्ही आलात, दिवे बघितलेत, माझ्या पाठीत थाप मारून "शाब्बास रं पठ्ठ्या!" म्हणालात आणि लगेच कॅन लावून गेलातसुद्धा. पूर्णिमा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. मी तोंड उघडलं होतं, पण थापेनं श्वासच गेला होता.

बाकी इकडं ठीक. घरातल्या थोरांना नमस्कार, गोठ्यातल्यांना वैरण.

तुमचा
जोतीराम

ता. क. : वळून झाल्यावर बटण बंद करत चला. आई सांगत होती, तुम्ही उचगावपासून गंगावेशीपर्यंत डावीकडं वळतोय असं दावत जाता आणि मागं वरात साठते.

आणखी ता. क. : दिवे बसवले तिनं, तेव्हा तुमचा शब्द मला लागू होत नाही, पूर्णिमाला होतो. मामी कोडोलीला होकार कळवायच्या आत तिला विचारा, काय पाहिजे. निघताना मी तिला एक गोष्ट विचारली होती. ती म्हणाली, "आदी आबास्नी खरं सांग, मग बघू." ते मी आत्ता सांगितलं आहे.

शेवटचं : तिनं माझं नाव घेतलं तर लगेच फोन करा, मी निघतोच. दुसरं काही मागितलं, समजा वायरिंगचं दुकान, तर तेही द्या, तिची लायकी आहे. फक्त तिला एवढं विचारा, दुकानात हाताखाली कुणी लागतंय का.