तुम्हाला न विचारलेली शांतता

बाबा,

परवा पोरीने एका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला आणि मला आपली वांग्याची वाडी आठवली. ती सावंगीला नर्सिंग शिकते. आमच्या बोरगावच्या घरी आली की जेवतानाही तिचं पुस्तक ताटाशेजारी उघडं असतं. शब्द होता सिरीन. मी म्हणालो, शांत, आतून स्थिर असलेला. मूळ लॅटिन, आणि तिथे त्याचा अर्थ ढग नसलेलं, निवळ आभाळ. मी हे न अडखळता सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या बापाला हे कुठून ठाऊक, असं तिला वाटलं असणार.

आमचे इंग्रजीचे गुरुजी दर शनिवारी पुस्तकाबाहेरचा एक शब्द फळ्यावर लिहीत आणि तो कुठून आला ते सांगत. तो शब्द घरी कोणाला तरी समजावून सांगायचा आणि ते माणूस काय म्हणालं ते सोमवारी वहीत लिहून आणायचं, असा त्यांचा नेम होता. मी आठवीत आहे. आखाड अर्धा सरलाय. तुम्ही वाफ्यात वाकून निंदताय आणि मी बांधावर उभा राहून त्या आभाळाबद्दल सांगतोय. तुम्ही खुरपं हातात धरून वर पाहता. वर ढगाचा ठिपका नाही.

"त्या लोकाईकडं रोजच पाऊस पडत असन," तुम्ही म्हणता. "म्हणून त्याईले मोकळं आभाळ गोड वाटते. आपल्याले आखाडात असं आभाळ दिसलं त झोप तरी येते का?"

"हेच लिवू का वहीत?"

"लिव. अन् गुर्जीले सांगजो, एक दिवस येऊन वांगे पाहून जा म्हणा."

मी तसंच लिहिलं. वर्ग खूप हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी खाली तांबड्या शाईने लिहिलं, 'मग वडिलांना विचार, त्यांच्या लेखी शांत म्हणजे काय?' पण पोरांचं हसणं मला लागलं होतं. मी तुम्हाला विचारलं नाही, स्वतःच एक वाक्य रचलं. 'माझे वडील म्हणतात, संध्याकाळची प्रार्थना संपल्यावर देवळात कोणी बोलत नाही, तीच खरी शांतता.' तुम्ही तर प्रार्थनेला मागच्या खांबाला टेकून डुलक्या घेत होता. गुरुजींना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं.

मग समुद्रपूरचा बाजार. तुम्ही पोत्यावर वांगी आणि सांभाराच्या हिरव्या, वासाच्या जुड्या मांडून बसला आहात, मी तुमच्या शेजारी. गुरुजी पिशवी घेऊन येतात आणि म्हणतात, "देवळातल्या शांततेचं काय सुरेख बोललात हो तुम्ही." तुम्ही माझ्याकडे एकदा पाहता.

"हो गुर्जी," तुम्ही म्हणता, "बोलता बोलता निघाली गोष्ट." आणि सांभाराची एक जुडी त्यांच्या पिशवीत वरून टाकता.

परतताना मी सायकलच्या कॅरिअरवर बसलो होतो. नाल्याच्या चढावर तुम्ही खाली उतरलात आणि सायकल ढकलत म्हणालात, "मले इचारलं असतं त सांगतलं असतं." आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, मग सांगा ना. उद्या विचारू म्हटलं. पुढे शाळा संपली, नोकरी लागली, आणि त्या गोष्टीचं विचारणं पोरकट वाटू लागलं. तुमच्या शेवटच्या महिन्यात मी खाटेजवळ बसून असायचो. पाणी देऊ का, कूस बदलून देऊ का, हे दिवसातून दहादा विचारलं.

परवा पोरीने मोबाईलवर आणखी शोधलं. काही जाणकार त्या शब्दाचं मूळ 'कोरडं' अशा अर्थाच्या फार जुन्या शब्दाशी जोडतात म्हणे. बाबा, माझा घास हातातच राहिला. एकही इंग्रजी अक्षर न ओळखता त्या शब्दातला कोरडेपणा तुम्ही वाफ्यातूनच पाहिला होता. हे धावत जाऊन कोणाला सांगू? आता मी रोज देवापुढे बसतो, मनही लागतं. पण मधेच तुमचा चेहरा आठवून पाहतो, तो कधी निवांत दिसे? शेवटच्या वाफ्याला पाणी पोचल्यावर? का बाजार उठल्यावर, रिकाम्या पोत्याची घडी घालताना? कशाचीच खात्री वाटत नाही. सांगणारे तुम्ही एकटेच होता.

पोरीने विचारलं, "मग आजोबांना शांत कधी वाटायचं?" मी देवळातलंच सांगितलं, तुमच्या नावावर. तिने ते पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतलं. हा कागद घडी करून देवघराच्या खणात ठेवतोय. तिला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.